पहिला श्रोता

लहान मुलांसाठी पुस्तक तयार करणे हे फारसे कष्टाचे काम नसावे, असा मोठ्या माणसांचा एक समज असतो. चार ओळींचा मजकूर, शेजारी एखादे चित्र, त्यात एखादा ससा किंवा आगगाडी, एवढे जमले की पुस्तक तयार झाले! प्रत्यक्षात मुलांइतका कठोर परीक्षक शोधून सापडणार नाही. मोठा माणूस कंटाळला तरी शिष्टाचार म्हणून पुस्तक हातात धरून बसतो. मूल तसे करीत नाही. ते उठून निघून जाते किंवा सरळ झोपी जाते.

अमेरिकेतील चित्रकर्त्री व्हर्जिनिया ली बर्टन यांना हा अनुभव आपल्या पोटच्या मुलाकडूनच आला. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १९०९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. त्यांना चित्रकलेइतकीच नृत्याचीही ओढ होती. सॅन फ्रान्सिस्को येथील कलाशाळेत शिकत असताना त्यांना रोज आगगाडी, नाव आणि केबल कार असा लांबचा प्रवास करावा लागे. हा वेळ वाया जाऊ नये म्हणून त्या सहप्रवाशांची झटपट रेखाचित्रे काढीत. समोरचा माणूस उतरून गेला, तर चित्र आठवणीने पूर्ण करीत. पुढे बहिणीप्रमाणे आपणही नर्तकी व्हावे, असे त्यांनी ठरविले होते. परंतु ऐन वेळी वडिलांचा पाय मोडला आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी त्या बोस्टनलाच राहिल्या. तेथील एका वृत्तपत्रासाठी सुमारे अडीच वर्षे त्यांनी रंगमंचावरील नट आणि नर्तकांची रेखाचित्रे काढली. हलत्या माणसाची चित्रे काढण्याची सवय त्यांच्या हाताला अशी लागली. पुढे त्यांच्या पुस्तकांतील इंजिने आणि यंत्रे पानावर स्थिर उभी न राहता धावताना दिसतात, त्याचे मूळ या सवयीत आहे.

१९३० साली त्या मूळचे ग्रीक असलेले शिल्पकार जॉर्ज डिमिट्रियस यांच्या चित्रकलेच्या वर्गात दाखल झाल्या आणि १९३१ च्या वसंत ऋतूत दोघांचा विवाह झाला. काही काळाने हे कुटुंब ग्लूस्टर गावाजवळ, समुद्रकाठच्या फॉली कोव्ह या खडकाळ वस्तीत राहावयास गेले. १९३२ साली ॲरिस आणि १९३५ साली मायकेल अशी दोन मुले त्यांना झाली. घरकाम, मुलांचे संगोपन आणि चित्रे यांतून वेळ काढून बर्टन यांनी मुलांसाठी आपले पहिले पुस्तक लिहिले.

त्या पुस्तकाची नायिका होती धुळीचा एक कण. तिचे नाव जॉनिफर लिंट. कल्पना नवी होती आणि मित्रमंडळींनाही ती फार चतुर वाटली. प्रकाशकांना मात्र ती रुचली नाही. एकामागून एक अशा तेरा प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. तेरा वेळा नकार मिळाल्यावर कोणत्याही लेखकाच्या मनात येईल, तेच त्यांच्याही मनात येणे शक्य होते, की प्रकाशकांना कळत नाही. परत आलेले ते हस्तलिखित घेऊन त्या साडेतीन वर्षांच्या ॲरिसला गोष्ट वाचून दाखवू लागल्या. ॲरिसला ती इतकी कंटाळवाणी वाटली, की गोष्ट संपण्यापूर्वीच त्याला झोप लागली.

प्रकाशकाच्या नकाराची कारणे शोधता येतात. बाजार मंदीचा आहे, छपाई महाग आहे, संपादकाची आवड निराळी आहे. झोपलेल्या मुलाबाबत असे कोणतेही कारण पुढे करता येत नाही. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले, त्यालाच ते नको होते. बर्टन यांनी हा निकाल मान्य केला. धुळीच्या कणाला बोलके करण्यात मोठ्यांना गंमत वाटली होती. परंतु साडेतीन वर्षांच्या मुलाला धुळीच्या कणात काय रस असणार? त्यांनी ते हस्तलिखित बाजूला ठेवले आणि ॲरिस कशाकडे टक लावून पाहतो, हे त्या पाहू लागल्या.

ॲरिस पाहत होता आगगाडीचे इंजिन. ग्लूस्टरच्या लोहमार्गावर त्या काळी वाफेची इंजिने धावत असत. त्यांतीलच एका इंजिनावरून बर्टन यांना नवी नायिका सापडली. ‘चू चू’ हे तिचे नाव म्हणजे इंग्रजी बोलणारी मुले इंजिनाच्या आवाजाची जी नक्कल करतात, ती. मराठी मुलाने तिला ‘झुकझुक’ म्हटले असते. जड डबे रोज ओढून कंटाळलेली ही लहानशी इंजिनबाई एके दिवशी एकटीच पळून जाते. डब्यांशिवाय आपण किती वेगाने धावू आणि सारे लोक आपल्याकडेच कसे पाहत राहतील, असा तिचा विचार असतो. वाटेत उघडलेल्या पुलावरून ती उडी मारते. त्या धडपडीत तिचा कोळशाचा डबा सुटतो, वाफ संपत जाते आणि रात्रीच्या अंधारात, एका जुन्या टाकून दिलेल्या रुळावर ती थकून थांबते. शेवटी तिची माणसे शोधत येतात आणि तिला घरी नेतात. घर सोडून पळून जावे असे कधीतरी प्रत्येक मुलाला वाटते आणि अंधार पडल्यावर आपल्याला कोणीतरी शोधीत यावे असेही वाटते. या दोन्ही इच्छा गोष्टीत पूर्ण होतात. गडद काळ्या रेषांच्या चित्रांचे हे पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. ते ॲरिसला अर्पण केलेले आहे.

बर्टन यांची काम करण्याची रीत जाणून घेण्यासारखी आहे. सामान्यतः लेखक आधी गोष्ट लिहितो आणि चित्रकार नंतर चित्रे काढतो. बर्टन यांच्या कामाचा क्रम याच्या नेमका उलट असे. त्या पुस्तक आधी चित्रांत रचीत. प्रत्येक पानाचे कच्चे चित्र काढून ती सर्व पाने क्रमाने आपल्या चित्रशाळेच्या भिंतींवर टाचणीने लावीत. त्यामुळे आरंभापासून अखेरपर्यंतचे पुस्तक एका दृष्टिक्षेपात दिसे. कोठे गोष्ट रेंगाळते, कोठे दोन पाने सारखीच झाली आहेत, कोठे अंधाराच्या पानानंतर उजेडाचे पान हवे आहे, हे भिंतीकडे पाहिल्यावर कळे. त्यानंतर पुस्तकाची कच्ची प्रत, म्हणजे मुद्रणव्यवसायात जिला ‘डमी’ म्हणतात ती, तयार होई. मग पक्की चित्रे काढली जात. मजकूर टंकलिखित करून चिकटविण्याचे काम त्या अगदी शेवटी, आता टाळताच येणार नाही अशा वेळी करीत. जेथे शब्दाचे काम चित्र करू शकते, तेथे त्या शब्द काढून टाकीत. उरलेल्या ओळींनाही चित्राच्या आकारात बसावे लागे. रस्ता वळत असेल, तर त्याच्या शेजारच्या ओळीही लहानमोठ्या होत वळत जातात. एखादी ओळ त्या आकारात बसली नाही, तर त्या वाक्यच बदलीत. आपल्या वाक्यांविषयी इतकी निर्ममता लेखकांमध्ये क्वचितच आढळते.

या सर्व टप्प्यांवर गोष्ट मुलांना वाचून दाखविली जाई. ॲरिस आणि मायकेल तर असतच, त्यांचे सवंगडीही असत. मुले काय म्हणतात यापेक्षा ती काय करतात, याकडे बर्टन यांचे लक्ष असे. एखाद्या पानाशी मुले चुळबुळ करू लागली, तर ते पान कमी करावयाचे किंवा काढून टाकावयाचे. एखाद्या पानाशी ती थांबली आणि चित्रातील बारीकसारीक वस्तू बोटाने दाखवू लागली, तर तेथे आणखी तपशील भरावयाचा. मोठ्या माणसांना जे तपशील क्षुल्लक वाटतात, तेच मुले प्रथम पाहतात, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. मुलांसाठी लिहिताना खालच्या पायरीवर उतरून बोलण्याचा आव आणला, तर तो मुलांना तत्काळ कळतो, असेही त्यांचे मत होते.

ॲरिसचे पुस्तक झाले, मग मायकेलचे राहून कसे चालेल? धाकट्या मुलासाठी तयार झालेले ‘माइक मलिगन अँड हिज स्टीम शव्हल’ हे पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. नायकाचे नाव माइक, म्हणजे घरातील मायकेलचेच लाडके नाव. आज आपण रस्त्याच्या कामावर जे खोदयंत्र पाहतो आणि ज्याला सर्रास ‘जेसीबी’ म्हणतो, त्याच्या वाफेवर चालणाऱ्या पूर्वजाची ही गोष्ट आहे. ग्लूस्टर येथे शाळेच्या नव्या इमारतीसाठी तळघर खोदले जात होते. तेथे काम करणारे असे एक यंत्र बर्टन यांनी पाहिले आणि गोष्टीत त्याची ‘मेरी ॲन’ झाली.

माइक आणि मेरी ॲन यांनी एकत्र कालवे खोदलेले असतात, डोंगर फोडून लोहमार्गांना वाट करून दिलेली असते. पुढे पेट्रोल, वीज आणि डिझेल यांवर चालणारी नवी यंत्रे येतात आणि वाफेच्या यंत्रांना कोणी काम देईनासे होते. त्यांची जुनी भावंडे भंगारात जातात. माइक मात्र मेरी ॲनला टाकून देत नाही. शंभर माणसे आठवडाभरात खोदतील तेवढे ती एका दिवसात खोदते, असे तो नेहमी सांगत असतो. पण ते खरोखर शक्य आहे का, याची त्याला स्वतःलाही खात्री नसते. एका लहान गावात नगरभवनाचे तळघर खोदावयाचे असते. सूर्यास्तापूर्वी काम पूर्ण झाले नाही, तर मोबदला नको, असे वचन देऊन तो कामाला लागतो. पाहणाऱ्यांची गर्दी जसजशी वाढते, तसतसा दोघांच्या कामाला वेग येतो आणि सूर्य मावळता मावळता चारही कोपरे सरळ खोदून होतात. तेव्हा सर्वांच्या लक्षात येते, की घाईघाईत यंत्राला वर येण्याची वाटच ठेवलेली नाही!

ही अडचण गोष्टीतील माइकची होती, तशीच ती चित्रशाळेतील बर्टन यांचीही होती. मेरी ॲनला त्या खड्ड्यातून बाहेर कसे काढावे, याचे समाधानकारक उत्तर त्यांना सापडत नव्हते. ते सुचविले ओळखीच्या कुटुंबातील डिकी नावाच्या एका मुलाने. तिला बाहेर काढावयाचेच कशाला? ती तळघरातच राहू दे. थंड हवेच्या प्रदेशात मोठ्या इमारतींच्या तळघरात बाष्पक असतो. त्यात कोळसा जाळून वाफ तयार करतात आणि ती नळांवाटे खोल्याखोल्यांत खेळवून इमारत उबदार ठेवतात. मेरी ॲनच्या पोटात बाष्पक होताच. तिच्यावरच नगरभवन उभे राहिले, ती त्या इमारतीला ऊब देऊ लागली आणि माइक तिची देखभाल करीत तेथेच राहिला. निरुपयोगी ठरलेल्या जुन्या यंत्राला नवे काम मिळाले, तेही यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक. बर्टन यांनी ही कल्पना आपल्या नावावर खपविली नाही. पुस्तकाच्या त्याच पानावर, तळटीप देऊन, त्यांनी डिकीचे ऋण मान्य केले. बालपुस्तकात तळटीप ही तशी दुर्मीळच गोष्ट. पण येथे ती फार शोभून दिसते.

मुलगे वाढत होते आणि त्यांची आवड बदलत होती. १९४० च्या सुमारास अमेरिकेत कॉमिक्सच्या पुस्तिकांचा सुळसुळाट झाला होता. ॲरिस आणि मायकेल यांनाही त्यांचे वेड लागले. ‘असले काही वाचायचे नाही,’ असे सांगून त्या पुस्तिका काढून घेणे कोणत्याही आईला सोपे होते. बर्टन यांनी स्वतःच त्या पुस्तिका बारकाईने वाचल्या. मुलांना त्यांत काय हवे असते? वेगवान घटना, भरपूर चित्रे, साहस, चुरस आणि खलनायकाची फजिती. हे सर्व देणारे, पण अधिक चांगल्या रेखाटनाचे पुस्तक आपण का काढू नये, या विचारातून १९४१ साली ‘कॅलिको द वंडर हॉर्स’ हे हुशार घोडीचे पुस्तक आले. त्यातील दुष्टांच्या टोळीला बर्टन यांनी ‘स्टिंकर्स’, म्हणजे दुर्गंधी पसरविणारे, असे नाव दिले होते. प्रकाशकांना ते असभ्य वाटले आणि छापताना त्याचे ‘स्लिंकर्स’ झाले. मुलांना कोणते नाव अधिक आवडले असते, हे सांगण्याची गरज नाही. १९५० साली नवी आवृत्ती निघाली, तेव्हा बर्टन यांनी आपले मूळ नाव परत आणले.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक ‘द लिटल हाउस’ १९४२ साली निघाले. त्याचे बीजही घरातच होते. फॉली कोव्ह येथील त्यांचे घर रस्त्याच्या अगदी कडेला होते. ते त्यांनी मूळ जागेवरून हलवून आतल्या बाजूस, सफरचंदाच्या झाडांमधील मोकळ्या कुरणात नेले होते. पुस्तकातील लहानसे घरही आरंभी टेकडीवर असते. हळूहळू त्याच्याभोवती रस्ते, दुकाने, ट्राम, उंच इमारती आणि भुयारी रेल्वे येते. घर बिचारे दोन उत्तुंग इमारतींच्या फटीत अडकते. अखेर ते बांधणाऱ्याच्या वंशातील एक स्त्री त्याला ओळखते आणि चाकांवर चढवून पुन्हा गावाकडे नेते.

या गोष्टीत बर्टन यांच्यापुढे एक कठीण प्रश्न होता. शंभर वर्षे लोटली, हे चार वर्षांच्या मुलाला कसे समजावून द्यावे? त्याला तर ‘परवा’ या शब्दाचाही अर्थ नीट उमगलेला नसतो. त्यांनी त्यासाठी मुलाला ठाऊक असलेल्या गोष्टींपासून सुरुवात केली. एका पानावर सूर्य उगवून, माथ्यावर येऊन मावळताना दिसतो. हा झाला एक दिवस. दुसऱ्या पानावर चंद्र कलेकलेने वाढतो आणि घटतो. हा झाला एक महिना. पुढे वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा अशी चार मोठी चित्रे येतात. हे झाले एक वर्ष. ही लय एकदा मुलाच्या मनात भिनली, की पुढची वर्षे मोजून दाखवावी लागत नाहीत. पाने उलटताना ते घर मधोमध आपल्याच जागी राहते आणि भोवतीचे जग बदलत जाते. इतिहास शिकविण्याची याहून साधी युक्ती सहजासहजी आढळणार नाही. या पुस्तकाला १९४३ साली कॅल्डेकॉट पदक मिळाले. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेतर्फे १९३८ पासून दरवर्षी वर्षातील सर्वोत्तम चित्रमय बालपुस्तकाच्या चित्रकाराला हा सन्मान दिला जातो.

एवढे सारे काम करणाऱ्या या स्त्रीला घरात निवांतपणा लाभला असेल, असे समजण्याचे कारण नाही. मुलांना व्हायोलिन शिकवावे असे त्यांच्या मनात आले, तेव्हा ते शिकविणाऱ्या शेजारणीला पैसे देण्याऐवजी त्यांनी तिला आलेखनाचे, म्हणजे डिझाइनचे, धडे दिले. या देवाणघेवाणीतून शेजारच्या आणखी स्त्रिया आणि पुरुष शिकावयास येऊ लागले. लिनोलियमच्या ठोकळ्यावर नक्षी कोरून ती कापडावर छापणारा ‘फॉली कोव्ह डिझायनर्स’ हा गट त्यातूनच उभा राहिला. मोठा छापयंत्र हाताशी नसल्यामुळे आरंभी ही मंडळी ठोकळ्यावर उभी राहून, पायांनी दाब देऊन छपाई करीत. आपल्या भोवती रोज दिसणाऱ्या वस्तूंमधूनच नक्षी शोधा, असा बर्टन यांचा आग्रह असे. पुस्तकांच्या बाबतीतही त्यांनी स्वतः तेच केले होते.

त्यांचे अखेरचे पुस्तक ‘लाइफ स्टोरी’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी आठ वर्षे खर्ची पडली. पृथ्वीच्या जन्मापासूनची जीवसृष्टीची कहाणी त्यात नाटकाच्या अंकांप्रमाणे रंगमंचावर मांडलेली आहे. अब्जावधी वर्षांची ही कहाणी शेवटच्या भागात फॉली कोव्हच्या घरापाशी येऊन पोहोचते. तेथे सफरचंदाची झाडे आहेत, कुरण आहे आणि ऋतू बदलत आहेत. शेवटी पहाट होते आणि पुढची भूमिका वाचणाऱ्या मुलाच्या हाती सोपविली जाते. तोपर्यंत ॲरिस आणि मायकेल मोठे झालेले होते. ॲरिस पुढे वडिलांप्रमाणेच शिल्पकार म्हणून प्रसिद्धीस आले. १५ ऑक्टोबर १९६८ रोजी व्हर्जिनिया ली बर्टन यांचे निधन झाले. त्यांच्या इंजिनाची, खोदयंत्राची आणि लहानशा घराची पुस्तके त्यानंतरही छापली जात राहिली. जॉनिफर लिंट या धूलिकणाची गोष्ट मात्र कधीच छापली गेली नाही.